ओंकारच्या कमरेवरचा निळा डाग

१० फेब्रु. ९८, मंगळवार
मेधाचं पत्र आलं. भजनानंतर बायकांना वाचून दाखवलं. अमेरिका ऐकायला सगळ्या थांबतातच. सकाळी सातला शिरीषराव एका गाडीने कामावर, मेधा दुसरीने. दहा महिन्यांचा ओंकार पाळणाघरात. संध्याकाळी सहाला जेवणं. मूल वेगळ्या खोलीत निजतं. शेजारीण लांबून हात हलवते, पण चहाला म्हणून कधी आली नाही. कुलकर्णीबाई म्हणाल्या, "म्हणजे भांडणसुद्धा नाही? दिवस जातो कसा त्यांचा?" खूप हसलो.
तूरडाळ पुन्हा महाग. अर्धाच किलो आणली.

१४, शनिवार
सकाळीच मेधाचा फोन. रविवारशिवाय कधी करत नाही.
पाळणाघरातल्या बाईने ओंकारचे कपडे बदलताना कमरेखालचा निळा डाग पाहिला. तिला वाटलं, मारलंय. सरकारी ऑफिसात कळवलं. दोन माणसं घरी आली. मुलाला उघडं करून फोटो काढले. मेधाला एका खोलीत, शिरीषरावांना दुसऱ्या खोलीत बसवून प्रश्न विचारले.
"आई, इथे असंच असतं. संशय आला आणि कळवलं नाही, तर त्या बाईवरच येतं."
म्हटलं, अगं, जन्मापासूनचा आहे तो. तुलाही होता. तुला न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणायच्या, सटवाईनं थोपटलंय.
"हे त्यांना सांगू?"
घरचे फोटो चालत नाहीत, म्हणून जन्माचे कागद आधीच्या गावच्या हॉस्पिटलातून मागवलेत. मग हळूच म्हणाली, "त्यांना पटलं नाही तर मूल घेऊन जातात गं."
हिशोब लिहिला नाही.

१५, रविवार
पोथी उघडली, डोळे नुसते ओळींवरून फिरले. हे म्हणतात, "तिथे कायदा आहे, उगीच कोणी काही करत नाही." आणि स्वतःच चारदा फोन उचलून पाहिला, चालू आहे ना म्हणून.
समोरच्या मिसेस भल्ला नातीला तेल लावत होत्या. मुद्दाम गेले. तिच्याही कमरेवर अगदी तसाच.
"ये तो सबके होता है जी। इसमें क्या देखना?"
म्हटलं, ऐसे ही.

१६, सोमवार. उपास.
एकटी करोल बागेत गेले. मेधाला लहानपणी पाहणारे आमचे जुने डॉक्टर. आता ऐकू कमी येतं, त्यामुळे मोठ्याने सांगावं लागलं. बाकड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.
डॉक्टर म्हणाले, "मारा तो नहीं ना किसी ने?"
मी पिशवी उचलून उठायलाच लागले.
"पूछना पड़ता है, बहनजी। वो लोग भी इसीलिए पूछ रहे हैं।" मग इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली, शिक्क्यासकट. अशी जन्मखूण आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना असते, मेधालाही होती, असं. ह्यांनी फॅक्स केली.
परतताना बसमध्ये नको ते आठवलं. साखरपुड्याला गाडी उशिरा आली, तर शिरीषराव ड्रायव्हरवर केवढे ओरडले होते. सगळे बघत राहिले.
देवा, मी हे मनात तरी कसं आणलं. डाग मी स्वतः पाहिलाय, बारशाच्या दिवशीच्या आंघोळीच्या फोटोत.
पण आणलं.

१७, मंगळवार
भजन. कुलकर्णीबाई म्हणाल्या, "आज अमेरिका नाही का?" म्हटलं, पत्र नाही आलं. आरतीत मधलं कडवं गाळलं मी. सगळ्या माझ्यामागून म्हणतात, त्यांनीही गाळलं.

२२, रविवार
मेधाचा फोन. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी ठेवून घेतली. बरं-वाईट काही बोलले नाहीत. जन्माचे कागद अजून यायचेत, तोवर प्रकरण बंद होत नाही. ऑफिसातली बाई पुन्हा येणार, न कळवता. ओंकार रडला की मेधा आधी खिडकी लावते.
"माझा डाग कधी गेला गं आई?"
"शाळेत जायला लागलीस त्या सुमारास."
मग म्हणाली, काल ओंकार टेबल सोडून चालला. तीन-चार पावलं.
ह्यासाठी गणपतीला नारळ बोलले होते. विचारलं मात्र, "पडला का?"
"नाही. शिरीष उशी घेऊन मागे मागे फिरतोय."
फोन ठेवला. आंघोळ झालीच होती. नारळ फोडला, बोललेला होता. हात जोडले, आणि म्हटलं, अजून थोडे दिवस त्याला रांगू दे.