चारशे बारा पाकिटं

प्रिय विदुषीबाई,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढच्या मजकुरात तो शब्द शोधत बसू नकोस.

तुझ्या थिसिसची प्रत बाइंडरकडे न्यायला तुझ्या गाइडनी माझ्याकडे दिली. पानांचे नंबर तेवढे बघून घ्या, म्हणाले. मला नुसते नंबर बघता येत नाहीत, हे निदान तुला तरी ठाऊक असायला हवं होतं. दहावीनंतर मी वर्गात बसलो नाही. पण गेल्या एकोणीस वर्षांत या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला प्रत्येक थिसिस मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलाय. तुझाही वाचला. पान एकसष्ट, खालून सहावी ओळ : 'साठवणुकीत खराब झाल्यामुळे बोय माशाचे ४१२ नमुने वगळले आहेत.'

साठवणूक माझ्याकडे असते. मी तसाच उठलो आणि कपाट उघडलं. चारशे बारा पाकिटं, प्रत्येकात माशाच्या कानातल्या खड्यांची जोडी. शाई फुटते म्हणून प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं तारीख, जाळं, माशाची लांबी. एकही ओलं नाही, एकही खडा फुटलेला नाही. दोन पाकिटांत एकेकच खडा आहे आणि तसं त्यांच्यावर लिहिलंय. तुला फोन केला, तर म्हणालीस, मामा, सोड ना, असंच लिहितात. मग ताईनं फोन घेतला. पोरीची तोंडी परीक्षा अडीच आठवड्यांवर आलीये, आत्ता तिला छळू नकोस, म्हणाली. तुझी आई लहानपणापासून अर्धं ऐकून पूर्ण निकाल देते.

पहिल्या वर्षी तू काय होतीस, आठव. बोटीवर ओकायचीस. माशाचं डोकं चुकीच्या ठिकाणी कापायचीस आणि मेंदूचा चिखल करून म्हणायचीस, मामा, याला खडाच नाहीये. तीन महिने तुझ्या शेजारी उभं राहून मी सुरी धरायला शिकवली. खड्यावरची वर्तुळं मोजायला शिकवलं. एक उजळ, एक गडद, झालं एक वर्ष. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांचा आकडा बघायचा नाही, फरक पडला तर पुन्हा वाचायचं, हा नियमही माझ्याकडूनच घेतलास. आणि मध्याजवळचं ते जाड वर्तुळ टाचणीनं दाखवून मीच सांगितलं होतं की हे पहिल्या वर्षाचं, इथून सुरुवात.

मग तू टाक्या मांडल्यास. बोटाच्या पेराएवढी पिल्लं समुद्राच्या पाण्यातून काढून खाडीच्या पाण्यात सोडायची आणि बघत बसायचं. मी ताईला म्हणालोसुद्धा, तुझ्या लेकीनं पीएचडी सोडून पाळणाघर काढलंय. एक दिवस तू माझ्या मायक्रोस्कोपखाली खडा लावलेली बिनचिठ्ठीची काच ठेवलीस आणि म्हणालीस, मामा, याचं वय सांग. मी सांगितलं, एक वर्ष पूर्ण, वर थोडं. बरं, म्हणालीस आणि काच घेऊन गेलीस. त्यानंतर मला एकही खडा वाचायला दिला नाहीस. मला वाटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. आता बाईंना मामा लागत नाही.

फोन ठेवल्यावर मी टाक्यांची वही काढली. तुझं ते खेकड्याच्या पायांसारखं अक्षर तीनदा वाचलं. तो मासा साडेचार महिन्यांचा होता. ज्याला मी एकोणीस वर्षं पहिलं वर्ष म्हणत आलो, ते वर्ष नाहीच. पिल्लू समुद्र सोडून खाडीत शिरतं तेव्हा त्याची वाढ अडखळते, त्याची ती खूण. म्हणजे माझा प्रत्येक बोय एका वर्षानं थोराड. तो तिसऱ्या वर्षी अंडी घालतो की चौथ्या, यावर तुझा सगळा थिसिस उभा, आणि मी चौथ्या म्हणत होतो.

टाक्यांच्या आधीचे हे चारशे बारा आपण दोघांनी माझ्याच पद्धतीनं वाचले होते. त्यांचे आकडे दुरुस्त केले असतेस तर का केले ते लिहावं लागलं असतं. म्हणून खराब झाले लिहून मोकळी झालीस. आता तुझ्याकडे उरले नव्वद मासे, आणि परीक्षक ते नव्वद मासे तुझ्यासमोर सोलून ठेवतील.

तुला वाटलं, मामा शिकलेला नाही, त्याला हे सोसणार नाही. हा निष्कर्ष कुठल्या आकड्यांवरून काढलास? चुकलेला माणूस आणि हलगर्जी माणूस यांत फरक असतो, बाई. मी चुकलो. हलगर्जीपणा मी एक दिवस केलेला नाही, आणि तू मला नेमका तोच चिकटवलास, तोही उपकार म्हणून. असल्या दयेपेक्षा तू मला चारचौघांत मूर्ख म्हटलं असतंस तर मी तुला चहा पाजला असता.

लांबी बघून वयाचा अंदाज आधीच बांधला जाऊ नये म्हणून गेले नऊ दिवस मी लांबीच्या आकड्यांवर कागद चिकटवून चारशे बाराही पाकिटांतले खडे पुन्हा वाचले. आज सकाळी यादी पाकिटात बंद करून गाइडच्या टेबलावर ठेवली. सोबत माझ्या सहीचा एक कागद : मी कधीपासून चूक वाचत होतो, आणि ती चूक तुझ्याआधीच्या कुठल्या तीन थिसिसांत गेली. त्यांनी तो माझ्यासमोरच वाचला. थिसिस बाइंडरकडे गेलेला नाही. तो माझ्या कपाटात आहे. पान एकसष्ट बदल. चूक कुणाची ते लिही, आणि 'एका सहायकाची' असलं गुळमुळीत लिहू नकोस. माझं पूर्ण नाव घाल. पण एका वाचकाचे आकडे ग्राह्य धरत नाहीत. दुसरा वाचक लागतो आणि बोयचा खडा वाचणारं इथे तुझ्याशिवाय कुणी नाही. आठ दिवस उरलेत. रोज साठ पाकिटं धरलीस तर सात दिवसांत संपतात. सोमवारी साडेआठला ये. माझ्याशी बोलायची गरज नाही. मीही बोलणार नाही.

तुझाच, आणि त्याला तुझा-माझा इलाज नाही,
मामा