पल्याड जायला होकार

कार्तिक वद्य ७, शके १८५१

दुपारपासून रहाट उभा. रेडा जुवाखाली उभ्याउभ्या रवंथ करतोय, पोफळीची नवी रोपं माना टाकून पडलीत, आणि घरातला एकुलता एक बापयमाणूस टेकडीवर जाऊन डोळे मिटून बसलाय. डोळे मिटायला टेकडी कशाला चढावी लागते? माझ्या घरात काय अंधाराला तोटा आहे?

श्री लिहायचं राहिलं. ॥ श्री ॥ देवा, रागावू नको. आधी रहाट, मग तू.

त्रिपुरी पौर्णिमेपासून विसूचं हे चाललंय. टेकडीवर दत्ताच्या देवळामागं धर्मशाळेत कोणी महाराज उतरलेत. पोटचा पोर माझा, तिशी उलटली, लग्नाची बायको, एक मुलगी, आणि सकाळी उठून विचारतो काय, तर "आये, मी कोण?" म्हटलं, वाडीला पाणी लाव, मग सांगते.

रेडा मीच सोडला. गोदा बघत होती. सून माझी तोंडातून शब्द काढत नाही, नुसती बघते. तिच्या बघण्यानं मला जास्त बोलावंसं वाटतं.

वद्य ९

वि. आज जेवायला होता. पेज आणि भाजलेला बोंबील. बोंबील बाजूला सारला. म्हणाला, सोडलं. गोदानं तो उचलून आपल्या ताटात घेतला आणि खाल्ला. काटासुद्धा ठेवला नाही.

मग म्हणाला, "आये, मला ह्याच्या पल्याड जायचंय."

"पल्याड म्हंजे? रेवदंड्याला?"

हसला नाही. आधी हसला असता.

पल्याड म्हणजे जिथं मी आणि माझं उरत नाही तिथं, असं म्हणाला. म्हटलं, अरे, तुझं होतं काय? वाडी माझ्या सासऱ्यानं लावली, रेडा गोदाच्या बापानं दिला, पोर तिनं जन्माला घातली. सोडायला आधी हातात काही असावं लागतं.

त्यावर खरी गोष्ट बाहेर आली. आईनं हो म्हटल्याशिवाय महाराज भगवी वस्त्रं देत नाहीत. त्यांच्या पंथात तशी चाल आहे. आई हो म्हणेस्तोवर पोर तिचं.

म्हणजे चावी माझ्या कमरेला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

वद्य ११

एकादशी. उपाशीच टेकडी चढले. भांडायला उपाशी पोट बरं, शब्द हलके होतात. गुडघे मात्र जड झाले.

महाराज म्हणजे कोणी दाढीवाला धिप्पाड असेल असं वाटलं होतं. निघाला एक खोकणारा म्हातारा, गोणपाटावर बसून आपले तांदूळ आपणच निवडत होता. भांडण तोंडात घेऊन गेले होते, ते तसंच राहिलं. खोकणाऱ्या माणसाशी काय भांडणार.

त्यांनीच सांगितलं, "बाई, मी त्याला बोलावलं नाही. परत पाठवला, तरी येतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी सुटलो."

म्हटलं, "तुम्ही तरी गेलात का पल्याड?"

एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "एकदा. तरुण होतो तेव्हा, नर्मदेच्या काठी. फार वेळ नाही टिकलं. तेव्हापासून वाट बघतोय."

खरं बोलणारा साधू जन्मात पहिला बघितला. वाईट ह्याचं वाटलं, की आता त्याला शिव्या देता येणार नाहीत.

"का विचारलंत?" म्हणाले. "सहज," म्हटलं आणि उतरले.

वद्य १२

सहज नव्हतं. त्यांना सांगितलं नाही ते इथं लिहिते.

आमचे हे तापानं पडले होते, विसू पाळण्यात. वाडी करपायला लागली. रहाट हाकायला माणूस मिळेना. रेड्यामागच्या फळीवर बाईनं बसायचं नाही, विहीर आटते. सासू सांगायची, तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. मी कोणी उठायच्या आत जाऊन बसले. रेडा चालायला लागला. रहाट करकरला. गाडगी रिकामी खाली जायची, भरून वर यायची, ओतायची, परत खाली. मी बघत होते. मग मी

कसं लिहू. मग मी नव्हते. रेडा होता, पाणी होतं, फळी होती, फळीवर कोणी नव्हतं. भ्यायले नाही. आनंद म्हणावा, तर आनंद व्हायला कोणी हजर पाहिजे ना.

परत आले तेव्हा उन्हं पोफळीवर चढलेली आणि झाडांची सगळी आळी भरून पाट वाहत होता. विसू रडत होता. उतरले, त्याला पाजलं. मग भाकऱ्या.

विहीर आटली नाही. कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर फळीवर बसले म्हणून आधी मार खाल्ला असता, देवाचं नंतर.

अमावास्या

काय करून आला बघा. भगवी घ्यायच्या आधी स्वतःचं श्राद्ध स्वतः घालावं लागतं. त्याला म्हणे धीर नव्हता. माझ्या होकाराची वाट न बघता, महाराजांनाही न विचारता, भटजीला गाठून तळ्यावर गेला आणि स्वतःचा पिंड स्वतः ठेवून आला. भटजीनंही जिवंत माणसाचं कधी केलेलं नव्हतं. म्हणाला, दहाव्यासारखं करू.

कावळा शिवला नाही.

कावळे होते. झाडावर ओळीनं बसलेले. एकानंही चोच लावली नाही. भटजी म्हणाला, काही इच्छा राहिलीय, बोल. वि. म्हणाला, माझी काही इच्छा नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि घरी गेला. त्याला भूक लागली असेल.

वि. घरी आला तो ओटीवरच बसला. आत येईना. म्हणाला, मी आता ह्या घरचा नाही. मी म्हटलं, मग पेज कुठल्या घरची पितोस? पेज मात्र प्यायला.

मार्गशीर्ष शु. १

आजचं जरा शांत झाल्यावर लिहितेय.

सकाळी शेजारची भागी आली, मागं आणखी तिघीचौघी. डोक्यावर पदर, तोंडं पाडलेली. मला वाटलं कोणाच्या घरी काही झालं. भागीनं माझ्या गळ्यात पडून सूर काढला. मग आत गेली, गोदाला मागच्या दारी पाटावर बसवलं, आणि दगड शोधायला लागली.

विसूचं दहावं झालं असं गावात पसरलंय. दहावं झालं म्हणजे बांगड्या फोडायच्या. बाया चालीप्रमाणं आल्या होत्या. बरं, विसू ओटीवर. त्याच्या पुढून गेल्या त्या. एकीनं तर त्याला सरकून बस म्हटलं.

मी म्हटलं, "भागे, मेलेला ओटीवर पेज पितोय, दिसत न्हाय का तुला?"

भागी म्हणते, "श्राद्ध तर झालं ना काकी. आता तो दिसला काय, न दिसला काय. पोरीच्या हातात चुडा ऱ्हायला तर गाव काय म्हनंल?"

मी काठी शोधत होते. तेवढ्यात गोदा उठली. लग्न होऊन आल्यापासून एवढं बोललेली ऐकली नव्हती. हात पुढं केले आणि म्हणाली, "बांगड्या माझ्या हायत. त्यांनी सगळं सोडलं, त्यात ह्या न्हवत्या. ज्याला फोडायच्या असतील त्यानं मला आधी इचारायचं."

कोणी विचारलं नाही. भागी दगड टाकून निघाली. जाताना वाडीतली दोन शहाळी मागून घेतली, मोकळ्या हातानं कशी जाईल.

वि. दारात उभा होता. सगळं ऐकलं त्यानं. तोंड असं झालं होतं, की आई म्हणून मला दया आली. सासू म्हणून नाही आली.

शु. ३

महाराजांचा निरोप. दर्भाचा कावळा त्यांना चालत नाही. श्राद्ध झालं नाही असं समजा. आणि आईच्या होकाराशिवाय पुन्हा वर येऊ नको.

म्हणजे आता हा घरातही येत नाही आणि टेकडीवरही घेत नाहीत. अर्धा मेलेला आणि अर्धा जेवणारा. नात कुशी जाऊन त्याच्या मांडीवर बसते. तिला कोणी सांगितलं नाही की हा तुझा बाप राहिला नाही, आणि त्यानं तिला उठवलंही नाही.

शु. ५

आज त्याच्याजवळ बसले आणि फळीचं सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच कोणाला.

हळूच म्हणाला, "आये, मग तू गेली का न्हाय?"

"कुठं जाऊ? ते मला शोधत फळीवर आलं. मी त्याला शोधत भटकले असते तर चुकामूक झाली असती."

त्याला पटलं असं नाही. म्हणाला, "तुला एकदाच गावलं. मला त्यातच ऱ्हायचंय."

खोटा नाही पोर. महाराजही खोटे नाहीत. तेच तर अवघड आहे. खोटा असता तर काठीनं भागलं असतं.

पण एक सांगितलं त्याला. म्हटलं, त्या दिवशी परत आले तेव्हा तू रडत होतास. ते पल्याडचं आणि तुझं रडणं, दोन्हीच्या मध्ये कुंपण मला दिसलं नाही. कोणी घातलं असेल तर मागाहून घातलंय.

शु. ६

रोपं वाळतायत. मी म्हातारी, फळीवर चढायचं तर खाली उतरवायला गडी बोलवावा लागेल. गोदाला म्हटलं, "बस."

"विहीर आटंल, आत्याबाय."

"आटली तर मी जबाबदार. मी बसलेय, न्हाय आटली."

माझ्याकडं बघतच राहिली. मग पदर खोचला आणि चढली. दिवसाढवळ्या, रस्त्यावरून दिसेल अशी. रेडासुद्धा थबकला, मेला, त्यालाही चाल ठाऊक. मी टिटकारी दिली तेव्हा निघाला.

कुंपणाशी माणसं जमली. भागी होतीच. कोणी म्हणालं, कलियुग. मी म्हटलं, हो, आणि पाणी गोड आहे, पिऊन जा.

थोड्या वेळानं कंटाळून सगळे गेले. विहीर काही त्यांच्यासमोर आटेना.

दुपारी गोदा खाली आली. पाय ओले, डोक्यात पोफळीचा पाचोळा. कुशीनं किती हाका मारल्या म्हणून तक्रार केली. गोदा म्हणाली, "मला कायच ऐकू आलं न्हाय गं." आणि मग माझ्याकडं वळून, जरा लाजून, "आत्याबाय, मधल्या मधी मी... म्हंजे झोपले न्हवते हां."

मी तिचं तोंड बघितलं. ओळखलं. इतक्या वर्षांनी ते दुसऱ्याच्या तोंडावर बघायला मिळालं. टेकडी नाही, भगवी नाही, नर्मदा नाही. आमच्या रेड्याच्या मागं.

म्हटलं, "भाकऱ्या टाक."

पण आज गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. जिंकले मी. कोणाला, ते विचारू नये.

शु. ११

गोदा रोज बसते. रोपांनी माना वर केल्या. नवीन कोंब. विहिरीचं पाणी होतं तेवढंच आहे. गावातल्या आणखी एका घरी सुनेला फळीवर बसवलं असं कानावर आलं. भागीच्याच. बोलायचं काही कारण नाही, पण उद्या मुद्दाम तिच्या दारावरून जाणार आहे.

वि. ओटीवरून वाडीच्या कडेला सरकलाय. काल रहाटाच्या माळेची फुटलेली गाडगी सोडून नवी बांधत होता, काथ्यानं, आमचे हे बांधायचे तशी गाठ. गोदा फळीवर, हा खाली. रहाट करकरत होता.

मला वाटलं, झालं. राहिला.

शु. १३

झालं नाही. आज म्हणाला, "आये, मन अजून तिकडंच हाय." साधं सांगितलं, डोळ्यात बघून. माझाच आहे, खोटं बोलता येत नाही त्याला.

कावळा कशासाठी अडला ते आता कळलं म्हणाला. पण काय कळलं ते सांगेना. ते ज्याला सांगायचं त्याला सांगीन म्हणाला.

पौर्णिमा, दत्तजयंती

टेकडीवर जत्रा. ढोल इथवर ऐकू येतात. जत्रा उठली की महाराज निघणार. कुठं, ते त्यांनाही माहीत नाही.

वि. आंघोळ करून आला, अंगणात माझ्यापुढं उभा राहिला. पाया पडला. "आये, हो म्हन, न्हायतर न्हाय म्हन. मी ऐकंन."

किती दिवस वाट बघत होते ह्या घडीची. चावी कमरेला होती. नाही म्हटलं असतं तर राहिला असता, आणि जन्मभर टेकडीकडं तोंड करून जेवला असता. हो म्हटलं असतं तर महाराजांच्या पंथात माझं नाव झालं असतं, मोठ्या मनाची माउली म्हणून. दोन्हीत मीच मोठी. आणि तेव्हा एकदम हसू आलं मला. मी-माझं सोडायचं म्हणून हा निघालाय, आणि त्याला सोडायचं की धरायचं हे 'मी' ठरवणार!

म्हटलं, "विसू, मी तुला जन्म दिला, तुझ्याशी लग्न न्हाय लावलं. माझा हो बी न्हाय आन् न्हाय बी न्हाय."

"पन चाल आईची हाय."

"बाईनं फळीवर बसायचं न्हाय ही पन चालच होती. गोदा रहाटावर हाय. जा. खालून इचारू नको, तिच्या शेजारी फळीवर बस आन् इचार. कावळ्याचं काय कळलं तुला, ते बी तिलाच सांग."

गेला. चालताना टेकडीकडं बघितलं नाही, एवढं मी बघितलं.

रहाटाचा आवाज थांबला. आता थांबलाच आहे. मी ओटीवर, कुशीला धरून बसलेय. ती जायला बघते, मी सोडत नाही. भागी कुंपणातून मान काढून उभी, तिला हातानंच गप्प केलंय. महाराजांचा माणूस निरोपाला आलाय, त्याला गूळपाणी दिलंय आणि बसवलंय.

सगळ्यांनी ऐकून ठेवा, देवानंसुद्धा. उत्तर गोदा देईल. ती देईस्तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. मीसुद्धा.