डॉक्टरांच्या टेबलाजवळची खुर्ची परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मनोविकार विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

मार्फत: मा. रुग्ण प्रतिनिधी, विभागीय सल्लागार समिती.
(सदर प्रतिनिधी या अर्जदाराच्याच पत्नी आहेत. तरीही नियम म्हणजे नियम.)

विषय: तपासणी खोलीतील नातेवाइकाची खुर्ची अर्जदारास परत देणेबाबत, ते शक्य नसल्यास समितीवर पत्नीच्या जागी अर्जदाराची नेमणूक करणेबाबत.

संदर्भ: १) विभागाच्या दारावर चिकटवलेली सूचना, "तक्रारी व सूचना रुग्ण प्रतिनिधींमार्फतच द्याव्यात."
२) अर्जदाराने याच विषयावर डॉक्टर, केसपेपरच्या खिडकीवरील कारकून व झाडलोट करणाऱ्या मावशी यांना वेळोवेळी तोंडी सांगितलेले म्हणणे, जे मावशींखेरीज कोणी पुरते ऐकले नाही.

महोदय,

१. अर्जदार पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक लिपिक असून आपल्या विभागात गेली चौदा वर्षे न चुकता येत आहे. अर्जदार स्वतः रुग्ण नाही. अर्जदाराची पत्नी रुग्ण आहे. हा खुलासा सुरुवातीलाच करण्याचे कारण असे की, या दोघांपैकी महत्त्वाचे कोण, याबाबत अलीकडे आपल्या विभागात मोठा गोंधळ माजला आहे.

२. पूर्वीची पद्धत अशी होती. तपासणी खोलीत डॉक्टरांच्या टेबलाजवळ पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची असे व मागे भिंतीला लागून एक स्टूल असे. खुर्चीवर नातेवाईक बसे, स्टुलावर रुग्ण. डॉक्टर खुर्चीकडे पाहून विचारत, "झोप कशी आहे? जेवतात का? चिडचिड?" अर्जदार उत्तर देई. झोप मध्यम, जेवण मध्यम, चिडचिड संध्याकाळी. मागील डॉक्टरांनी एकदा "तुमच्यासारखे नातेवाईक सगळ्यांना मिळाले तर आमचं निम्मं काम होईल" असे उद्गार काढले होते. ते अर्जदाराने घरी पोहोचल्यावर पत्नीस दोनदा सांगितले. पत्नी त्या वेळी खोलीतच होती आणि तिने ते ऐकलेच असणार, हे अर्जदाराच्या फार नंतर लक्षात आले.

३. पुढे वरून आदेश आला की, ज्यांच्यावर उपचार होतात त्यांना विचारल्याशिवाय विभागात काही ठरवू नये, व त्यांच्यातीलच एकास समितीवर घ्यावे. अर्जदाराचा या धोरणास विरोध नाही. धोरण उत्तमच आहे. परंतु नेमणूक झाली ती पत्नीची, आणि तिने पहिल्याच बैठकीत मागणी केली ती खुर्ची व स्टूल यांच्या अदलाबदलीची. मागणी जागच्या जागी मंजूर झाली. अर्जदाराच्या कार्यालयात नळाची तोटी बदलायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. त्या दिवसापासून पत्नी खुर्चीवर बसते व अर्जदार स्टुलावर. सदर स्टुलाचा एक पाय आखूड असून बसणाऱ्यास सतत तोल सांभाळावा लागतो. ही बाब पत्नीने इतक्या वर्षांत अर्जदारास एकदाही सांगितली नाही.

४. आता डॉक्टर खुर्चीकडे पाहून विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" आणि पत्नी बोलते. ती इतके बोलते हे अर्जदारास ठाऊक नव्हते. सकाळी हात दगडासारखे जड होतात, नव्या गोळीने जीभ जाड होते, दुपारी घर शांत झाले की भीती वाटते, असे बरेच काही. एकदा डॉक्टरांनी संध्याकाळच्या चिडचिडीविषयी विचारले असता ती म्हणाली, "संध्याकाळी मला काही होत नाही. हे घरात येतात आणि पायातले बूट काढायच्या आधी 'गोळी घेतलीस का?' म्हणतात, तेव्हा चिडचिड होते." ही माहिती अर्जदारास विश्वासात न घेता, अर्जदाराच्या समक्ष देण्यात आली. डॉक्टरांनी ती लिहूनही घेतली.

५. केसपेपरच्या रंगाबाबत. इतर विभागांचे केसपेपर पांढरे व आपल्या विभागाचा तेवढा पिवळा, अशी रीत होती. औषधांच्या रांगेत पिवळा कागद दिसला की पुढचा माणूस पाऊलभर पुढे सरके आणि मागचा पाऊलभर मागे. पत्नी तो कागद घडी करून पिशवीत लपवी. अर्जदार मात्र तो उघडा धरी, कारण लोक कागद पाहत, मग पत्नीकडे पाहत, मग अर्जदाराकडे पाहून हळहळत. एका वयस्कर गृहस्थांनी तर अर्जदाराच्या पाठीवरून हात फिरवला होता. पत्नीने समितीत भांडून पिवळा रंग बंद करवला. रांगेत आता सगळे सारखेच उभे असतात. पत्नी कागद हातात घेऊन मोकळेपणी उभी राहते, शेजारच्या बाईशी गप्पा मारते. अर्जदाराला मात्र कुत्रे विचारत नाही. खोकल्याचे औषध न्यायला आलेला माणूस आणि अर्जदार यांत काडीचा फरक उरलेला नाही.

६. पत्नीने "आधी मला विचारा" नावाची मोहीमही काढली आहे. तीत तिचा साथीदार म्हणजे बेकरीतील भट्टीवाला. तो आपल्याच विभागाचा रुग्ण आहे. हे मालकाच्या कानावर गेल्यावर मालकाने त्याला कामावरून काढले होते. पत्नी त्या बेकरीत गेली व भर गर्दीत गल्ल्यासमोर उभी राहून मालकाला म्हणाली, "कालपर्यंत याच्या हातचा पाव चालत होता ना? मग आज पावात काय बिघडलं ते तरी सांगा." मालकाने त्याला परत घेतले, तेही भट्टीवरच. तेव्हापासून ही जोडी बँकेत, शाळेत, बसच्या आगारात जाऊन बोलते. घर भाड्याने न देणारे, नोकरी न देणारे, सोयरीक मोडणारे, सगळ्यांना गाठते. लोक ऐकतात. काही जण नंतर हळूच येऊन आपल्या घरातले सांगतात.

हे चांगले काम आहे, याबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. अर्जदाराची तक्रार चहाबाबत आहे. भट्टीवाला घरी येतो, स्वयंपाकघरात बसतो. गोळ्यांमुळे दोघांचेही हात थरथरतात. दोघांचे कप एकाच वेळी बशीत किणकिण वाजू लागले की दोघे हसत सुटतात, डोळ्यांतून पाणी येईतो हसतात. पत्नी अशी हसते हे अर्जदार विसरून गेला होता. अर्जदाराचे हात थरथरत नाहीत. अर्जदाराने एकदा आपला कप मुद्दाम बशीत वाजवून पाहिला. कोणीही हसले नाही.

७. अर्जदाराची थोरली बहीण पूर्वी दर रविवारी फोन करून म्हणे, "तू आहेस म्हणून ती उभी आहे रे." आता फोन उचलताच म्हणते, "तिला दे जरा." बहिणीच्या मुलीचे मन गेले काही दिवस थाऱ्यावर नाही, त्याबाबत तिला पत्नीचा सल्ला हवा असतो. "मला विचार की, मला चौदा वर्षांचा अनुभव आहे" असे अर्जदाराने म्हटले असता, "तुझा कसला अनुभव? तू काय आजारी होतास?" असे उत्तर मिळाले. सख्ख्या बहिणीकडून मिळाले.

८. येथे अर्जदार स्पष्टच लिहितो. अर्जदारास पत्नीचा हेवा वाटतो. सरकारी पत्रात हा शब्द बसत नाही, हे आवक-जावकचा माणूस या नात्याने अर्जदार जाणतो. आधी "असमाधान" लिहून पाहिले, ते पुरले नाही. "गैरसोय" लिहिले, ते खोटे वाटले. तिला लोक विचारतात, ती सांगते, आणि सांगून झाल्यावर तिचा चेहरा हलका होतो, तो अर्जदार स्टुलावर बसून तोल सांभाळत बघतो आणि त्याच्या पोटात दुखते. ती बरी व्हावी म्हणून अर्जदाराने जिवाचे रान केले. ती बरी होत आहे. मग अर्जदाराचा एवढा जळफळाट का व्हावा, हे त्याचे त्यालाच उमगत नाही आणि त्याची त्याला लाजही वाटते.

९. समितीवरील पदाबाबत. नियमानुसार प्रतिनिधी स्वतः उपचार घेतलेला असावा लागतो. अर्जदाराने उपचार घेतलेले नाहीत, परंतु इतक्या जवळून पाहिले आहेत की ते घेतल्यात जमा धरावेत. पत्नी विभागात दाखल होती तेव्हा अर्जदार बाहेरच्या बाकावर होता. दोघांत अंतर होते ते केवळ एका भिंतीचे. तिच्या सर्व गोळ्यांची नावे, रंग व वेळा अर्जदारास तोंडपाठ आहेत. एक गोळी चाखूनही पाहिली आहे. कडू आहे.

१०. एवढ्यावर पात्रता सिद्ध होत नसल्यास अर्जदार पुढील बाबी नाइलाजाने कळवीत आहे. त्या केवळ पदापुरत्या विचारात घ्याव्यात.

अर्जदार सकाळी न्हाणीघरात नळ सोडून बसतो व रडतो. आंघोळ त्यानंतर होते किंवा होत नाही. कोणी गेलेले नाही, काही हरवलेले नाही, तरी रडू येते. कार्यालयाचा जिना चढताना मधल्या वळणावर छाती धडधडू लागते, घाम फुटतो, व अर्जदार कठड्याला धरून उभा राहतो. शिपाई विचारतो, त्याला "गुडघा" म्हणून सांगतो. घास घशाखाली उतरत नाही. झोप लागत नाही. पत्नीच्या बाबतीत हे सर्व अर्जदार डॉक्टरांना "मध्यम" म्हणून सांगत असे. हे मध्यम नसते, असे अर्जदाराचे आता मत झाले आहे.

गेल्या महिन्यात अर्जदार अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटाच आपल्या रुग्णालयात आला होता. रांगेत उभा राहिला. खिडकीवरील कारकुनाने मान वर न करता विचारले, "कोणासाठी?" अर्जदाराने पत्नीचे नाव सांगितले. सवयीने तोंडातून तेच आले. कारकून ओळखीचा, त्याने वर पाहून "बाई कुठायत?" म्हणून विचारले. अर्जदार "येतायत मागून" म्हणाला, रांगेबाहेर पडला आणि तसाच घरी गेला. मागून कोणी येणार नव्हते.

सबब विनंती की,

अ) टेबलाजवळची खुर्ची अर्जदारास परत मिळावी.

ब) ते न जमल्यास अर्जदारास रुग्ण प्रतिनिधी नेमावे.

क) दोन्हीही न जमल्यास, कोणीतरी अर्जदारास एकदा विचारावे. काय विचारायचे ते आपल्या विभागाला ठाऊकच आहे.

हा अर्ज पत्नीच्या हातूनच पुढे जायचा असल्याने अर्जदार तो तिच्या पिशवीत, बैठकीच्या कागदांत घालून ठेवीत आहे. तिने तो घरी वाचू नये. प्रतिनिधी म्हणून वाचावा.

याउपर काय लिहावे ते अर्जदारास सुचत नाही.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, प्रतिनिधींचा पती

दिनांक: बैठकीच्या दिवशी, सकाळी, नळ बंद केल्यावर

सोबत:
१) पिवळा केसपेपर, जुना, एक.
२) अर्जदार हा देवमाणूस असल्याबाबत शेजाऱ्यांचे पत्र. (मजकूर अर्जदाराचा, सह्या शेजाऱ्यांच्या.)
३) स्टुलाच्या आखूड पायाखाली ठेवण्यासाठी पुठ्ठ्याची घडी. अर्ज नामंजूर झाल्यास उपयोगी पडेल.

---

रुग्ण प्रतिनिधींचा शेरा:

अर्ज वाचला. घरी नाही, इथेच, बैठक सुरू व्हायच्या आधी.

मागणी ब नामंजूर. अर्जदाराचे उपचार अजून सुरूच झालेले नाहीत.

मागणी क मंजूर. मी गावभर "आधी विचारा" म्हणून सांगत फिरते आणि रोज सकाळी नळाचा आवाज ऐकून गप्प बसते. वाटायचं, हे आपणहून सांगतील. सांगणं किती अवघड असतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी विसरले. आज हे घरी आल्यावर विचारते. बूट काढल्यावर.

मागणी अ. खुर्ची रुग्णाची आहे, तो नियम बदलणार नाही. म्हणून ती अर्जदारांना मिळेल. त्यांनी गुरुवारी सकाळी रजा टाकून यावं आणि खिडकीवर स्वतःचं नाव सांगावं. कागद पांढराच मिळतो. मागून कुणी येतंय का विचारलं तर हो म्हणावं, मी येणार आहे.

पुठ्ठ्याची घडी ठेवून घेतली. मी स्टुलावर बसेन. डॉक्टर खुर्चीकडे पाहून विचारतील, झोप कशी आहे. मला माहीत आहे कशी आहे ती. मी बोलणार नाही.

(सही)