एका घराचा एक हात

२४ जानेवारी
शेताची लाईट परत रातचीच. आठवडाभर हीच पाळी. गहिनीनाथ आन रेश्मा जेवून कांद्याला पाणी द्यायला गेली, नात संस्कृती माझ्यापाशी. पोरगा वाफ्यांची दारं धरतो, सून बॅटरी. तिसगावच्या रस्त्याला बिबट्या दिसला म्हणतात. दिसू दे. आमच्या काळी लांडगे होते, त्यांच्यासाठी कुणी सभा भरवली न्हाई.

२५ जानेवारी
उद्या झेंड्यानंतर ग्रामसभा. गायरानात सोलरचा प्लांट टाकला की शेताला दिवसा लाईट, असं सरपंच आबासाहेब सांगत फिरतोय. आन माझ्या शेळ्या काय काचा चाटतील? ह्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच हाय. चहापत्तीला पोराकडं हात पसरत न्हाई, ते शेळ्यांच्या जिवावर.

२६ जानेवारी
दमले. आधी गॅस महाग, तेल महाग, ह्यावर सगळे बोलून घेतात — जसं काय ते सरपंचाच्या घाण्यावर निघतं. मग गल्लीतले दिवे. माझ्या दारात खांब दोन वर्षं उभा, वर दिवा न्हाई. म्हणलं, शेळी बांधायला बरा पडतो, पण सरकारनं त्यासाठी दिला नसंल. आन ते पेव्हिंग ब्लॉक! सरपंचाच्या दारापर्यंत आले आन तिथंच दमले. लोक हसले. आबासाहेबबी हसला, निलाजरा.

मग प्लांट. आमच्या गावात एका घराचा एक हात, तो घरातल्या थोरल्याचा. म्हातारा गेल्यापासून आमच्या घराचा हात माझा. विरोधात कोण म्हणल्यावर पहिला तोच वर गेला. ठराव पडला. थोडक्यात पडला, पण पडला. परत सभा लावतो म्हणतोय. लाव.

२७ जानेवारी
शेजारची साळूबाई शेण काढता काढता सांगून गेली. तिच्याबी शेळ्या हायेत, म्हणून जीव तुटतोय. काल माझ्या मागं बसून रेश्मानं प्लांटच्या बाजूनं हात वर केलता म्हणे. मोजणारा म्हणला, "खाली घ्या बाई, तुमच्या घराचा सासूबाईंचा धरायचा."

माझ्याच घरात राहून! दिवसभर बोलले न्हाई तिच्याशी. तिला काय फरक? भाकरी रोजच्यासारखीच वाढली.

२८ जानेवारी
शेवटी विचारलं. रेश्मा भांडी घासत होती. मान वर न करता बोलली, "आत्या, आमचं दोघांचं ठरलंय. बिबट्यानं एकाला धरलं तर दुसऱ्यानं सोडवायला थांबायचं न्हाई. संस्कृतीसाठी घरी पळायचं."

नात सहावीत हाय. ओट्यावर बसून पाढे म्हणत होती.

गहिनीनाथला विचारलं, खरं का? "व्हय," म्हणला. आन चप्पल घालून बाहेर गेला.

असलं काय ठरवत्यात का कुणी? आन ठरवलं कधी? मी तर दोन खोल्यांच्या ह्याच घरात हाय.

३० जानेवारी
शेळ्या चारल्या. काय लिहायचं न्हाई.

११ फेब्रुवारी
आज परत सभा. साळूबाईनं दोनदा हाक मारली — चला, पहिला हात तुमचा, न्हाईतर बाकीच्या बुजतील. सांगितलं, आमच्या घराचा हात मघाशीच गेलाय. रेश्माचा.

शेळ्या खांबाला बांधून दारात बसलेय.