काट्याची पानं

११ ऑक्टो., शनिवार
सकाळी मारुतीचं दर्शन, मग एसटीने सांगली. मेमरी वाटपाचा नियम पक्का केला: मशीनमध्ये जागा जेवढी, तेवढीच प्रोग्रॅमना कबूल करायची. नसलेल्याचा शब्द द्यायचा नाही. मनाला बरं वाटलं.
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची जुनी मशीन्स आमच्या सिस्टिमवर चालवायची आहेत. गळीत सुरू होतं त्या मोळीच्या दिवशी उसाच्या गाड्या विनाअडथळा मोजल्या गेल्या तर हे काम सांगलीत राहील. नाहीतर आमच्या कंपनीचे मालक ते बंद करणार, आणि मी पुन्हा पुण्याला. बायको, मंगल, विचारत होती, भांडी बांधू का. म्हटलं, थांब जरा.

१३ ऑक्टो., सोमवार
काट्याचा प्रोग्रॅम सुरूच होईना. जागा नाही म्हणे. बघतो तर निम्मी मोकळी. अहवालाच्या प्रोग्रॅमने भरमसाट मागून ठेवली होती, वापरली नव्हती, आणि माझ्या नियमाने ती त्याच्याच नावावर अडकलेली.
शेजारच्या टेबलावरची रुखसाना पोट धरून हसली. पलूसची पोरगी, नोकरीला नवी, पण जीभ जुनी.
"सर, यात्रेला तुमच्या घरात एका वेळी माणसं किती बसतात?"
म्हटलं, पडवी धरून वीसेक.
"आणि आवतण?"
आवतण सगळ्या भावकीला, पै-पाहुण्यांना. तेही चूलबंद, घरटी सगळ्यांनी यायचं.
"मग त्यो खोटेपणा व्हय?"
एसटीत बसून पंगती मोजत आलो.

१७ ऑक्टो., शुक्र.
नियम सैल केला. मागेल त्याला हो म्हणायचं, जागा मात्र त्याने मेमरीचं पान, म्हणजे ठरलेल्या मापाचा तुकडा, प्रत्यक्ष उघडलं की मगच. दाटी झाली तर बराच वेळ न उघडलेली पानं डिस्कवर हलवायची, लागली की परत आणायची. एक पंगत उठते, दुसरी बसते.
लय झकास चाललं. आवतण देणाऱ्याच्या मनात कपट नसतं, त्याने दुसऱ्या पंगतीचा भात चुलीवर ठेवलेला असतो. येताना एसटीत नाम घेत होतो आणि मधेच हसू फुटत होतं. शेजारचा पाहुणा जरा सरकून बसला.

२७ ऑक्टो., सोम.
दिवाळी झाली. आज काट्यावर चाचणी, चार-दोन ट्रॉल्या नुसत्या फिरवून. सकाळी उत्तम. दुपारी जेवायला सगळे उठले, काटा रिकामा. तेवढ्यात शेतकी अधिकारी पवारसाहेबांनी अहवाल काढला. त्याने सगळ्या सभासदांच्या नोंदी वरपासून खालपर्यंत चाळल्या, प्रत्येक पान एकदाच. तरी नियमाच्या लेखी ती ताजी, आणि जेवणभर न उघडलेली काट्याची शिळी! काट्याची गेली डिस्कवर.
जेवणानंतर पहिली ट्रॉली चढली, स्क्रीन गप्प. ड्रायव्हर खिडकीत डोकावला.
"आवं सायेब, काटा जेवून झोपला व्हय?"
यार्डात हशा. मीही हसलो.

२९ ऑक्टो., बुध.
रुखसानाशी दिवसभर वाद. ती म्हणते, काट्याची पानं ठोकून टाका, कधी हलवायचीच नाहीत. मी म्हणतो, मग रिकाम्या वेळीही ती जागा अडून राहणार. माझीच पहिली चूक, नव्या कपड्यात.
"सर, पंगत उठली की समदी उठतात. वाढप्याला कुणी उठवतं का?"
चहा गार झाला. शेवटी ठरलं: काट्याची पानं पक्की. अहवालाला एक कोपरा, त्याने आपली उचल-ठेव तिथल्या तिथेच करायची. अहवाल मंद होणार. पवारसाहेबांना कोण सांगणार, म्हटलं. तर म्हणते, तुमी थोरले.

३ नोव्हें., सोम.
मोळी पडली. ऊस टाकायच्या गव्हाणीत नारळ, गुलाल, हलगी. नंतर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ट्रॉली चढते, आकडा येतो, उतरते. दुपारी मुद्दाम काटा थांबवून जेवायला उठलो आणि रुखसानाला अहवाल काढायला लावला. परत आलो. ट्रॉली चढली आणि आकडा
आला. लगेच. तिने टेबलावर असा हात आपटला की पेढे उडाले.
माऊली.

५ नोव्हें., बुध.
मालकांचा फोन. काट्यावर खूश. पण पवारसाहेबांची तक्रार गेली आहे: अध्यक्षांसमोर अहवाल येता येईना, जुनी सिस्टिमच बरी होती. अहवालाचा कोपरा मोठा केला तर काट्याच्या पानांना हात लागणार. रुखसाना म्हणते, एक पानसुद्धा देऊ नका. मालक म्हणाले, खरी गर्दी होऊ दे, मग ठेवायचं की बंद करायचं ते बघू.
मंगलला सांगितलं, पुण्याचं अजून काही नक्की नाही.
ती म्हणाली, "मग परड्यात मेथी नको, वांगी लावते."
वांग्याला वेळ लागतो. आळी करून दिली.