गुलाबी पनीर

५ जानेवारी, रविवार
या वर्षीचे संकल्प तीनच. पहाटे पाचला उठून कॉलनीला चार चकरा. शंभर टक्के शाकाहार. आणि रोजनिशीत खोटं एक अक्षर लिहायचं नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.

साडेआठला उठलो. दुपारी केरवा डॅमच्या रस्त्याला अरविंदच्या फार्महाऊसवर. अरविंद ऑफिसात आमच्याच सेक्शनमधला. शेगडी पेटवायची हौस दांडगी, धीर नावाला नाही. 'पनीर' खाल्लं. आतून थोडं गुलाबी होतं. असेल, म्हशीवर अवलंबून असतं. त्याला कातडी कशी काय, हे विचारलं नाही. असले प्रश्न संशयी माणसं विचारतात. घरी नलिनीला सांगितलं, साइट व्हिजिट होती.

८ जानेवारी, बुधवार
कॉलनीतल्या मराठी मंडळाची मीटिंग. शेजारच्या जुईने स्वतः केलेला केक आणला. विचारलं, अंडं आहे का? आहे म्हणाली. केक परत पाठवला. पोरगी रडवेली झाली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. अध्यक्ष संपदाताई म्हणाल्या, अच्युतराव, तुमच्यासारखा कडक माणूस मंडळात हवाच. खरं आहे.

१९ जानेवारी, रविवार
पनीर. लिंबू कमी होतं. अवतरणचिन्हं आता टाकत नाही.

१६ मार्च, रविवार
पोटात अधूनमधून कळ. भूक मात्र राक्षसासारखी. वजन दोन किलो उतरलं. मॉर्निंग वॉकचा परिणाम. फेब्रुवारीत दोनदा गेलो होतो.

३० मार्च, गुढीपाडवा, सकाळी ६.४०
संडासात पांढरा, चपटा तुकडा. दुधीच्या बीएवढा. काल कोबीची भाजी होती. नलिनीने कच्ची ठेवली असणार.

६.४५
कोबी हलतोय.

१ एप्रिल, मंगळवार
व्हॉट्सॲपवर वर्षभर फिरणारा पत्तागोभीतल्या, म्हणजे कोबीतल्या, किड्याचा व्हिडिओ आज पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. आरोपी सापडला! पोटात टेपवर्म आहे आणि तो नलिनीच्या कोबीतून आलाय. तिला समोर बसवून व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, चोवीस वर्षं पान न् पान मिठाच्या पाण्यात धुऊन करतेय, मीही तोच खाते, मग मला का नाही झालं? म्हटलं, पुराव्याशिवाय बोलू नये. आजपासून घरात कोबी बंद. फ्लॉवरही संशयित. कोशिंबीर यापुढे मी करणार, कारण विश्वास उरलेला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
संपदाताईंना फोन केला. २७ तारखेला मंडळात माझं व्याख्यान: 'कोबी: स्वयंपाकघरातला शत्रू'. उदाहरण आमच्याच घराचं देणार. त्याला मोठं मन लागतं.

बातमी माझ्याआधी पोचली. आज नलिनीच्या भिशीत तिच्या डब्याला कोणी हात लावला नाही. भरला डबा तसाच घेऊन आली आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात बसून राहिली. मी समजावलं की विज्ञानात व्यक्तिगत काही नसतं.

"अहो, माझ्या हातचं खायला लोक घाबरतायत," ती म्हणाली. "कळतंय का तुम्हाला?"

कळलं. चहा मिळाला नाही.

९ एप्रिल, बुधवार
आमच्या बाग सेवनियातल्याच लॅबमध्ये गेलो. श्रीखंडाचा एक किलोचा डबा धुऊन, भरून नेला होता. टेक्निशियन जितेंद्र म्हणाला, "सर, इतना नहीं चाहिए." त्याने छोट्या तीन डब्या दिल्या. वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने हवेत, कारण कृमीची अंडी रोज पडतीलच असं नाही. घरात खातो फुकट आणि वर शिस्तही नाही!

१४ एप्रिल, सोमवार
अंडी सापडली. विजय! नलिनीला रिपोर्ट दोनदा वाचून दाखवला.

एकच खोट. रिपोर्टवर नुसतं कुळ, 'टीनिया', लिहिलंय, जात नाही. जितेंद्र म्हणाला, यातल्या जातींची अंडी मायक्रोस्कोपखाली एकसारखीच दिसतात. जात हवी तर पडलेला तुकडा आणा, दोन काचांमध्ये दाबून आतल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजू. व्याख्यानात अर्धवट माहिती देणं मला पटत नाही. तुकडा नेऊन दिला.

१७ एप्रिल, गुरुवार
डॉ. मंजूषांकडे नलिनीला मुद्दाम सोबत नेलं. निकाल तिच्या कानावर पडलेला बरा.

डॉक्टरांनी वाचलं. फांद्या नऊ. म्हणाल्या, हा डुकराच्या मांसातला. मी सुचवलं की कोबी डुकरांच्या शेजारी वाढला असेल. तर म्हणाल्या, भाजीवरून अंडी पोटात गेली तर मेंदूत नाहीतर स्नायूत गाठी होतात. आतड्यात अख्खा कृमी वाढायचा तर मांसच खावं लागतं, तेही अर्धकच्चं. दुसरा रस्ता नाही. आणि आता घरात अंडी पसरवणारे तुम्ही आहात, स्वयंपाकाला हात लावताना साबणाने धुता ना? नलिनीचीही तपासणी लिहून दिली.

पंधरा दिवस कोशिंबीर मी करतोय. ही रोज खातेय. साबण कधी लावला, आठवेना. खरंच घाबरलो.

डॉक्टरांनी विचारलं, मांस कुठे खाल्लं? म्हटलं, साइट व्हिजिटला. बाहेर रिक्षात बसल्यावर नलिनी शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी पनीर गुलाबी दिसलं तर अरविंदभाऊजींना सांगा, अजून अर्धा तास शेगडीवर ठेवा."

घरी येईपर्यंत विचार करत होतो. गुलाबी हा शब्द मी या वहीशिवाय कुठेही वापरलेला नाही.

२७ एप्रिल, रविवार
गोळी घेऊन आठवडा झाला. नलिनीच्या तिन्ही नमुन्यांत काही नाही. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी लॅबच्या पायरीवरच बसलो.

व्याख्यानाचा विषय ऐन वेळी बदलला: 'हात कसे धुवावेत'. अकरा मिनिटांत संपलं. जुईने विचारलं, काका, कोबीचं काय झालं? सगळ्यांसमोर सांगितलं, कोबी निर्दोष आहे, आमच्या घरचा तर पूर्ण निर्दोष. मग दोषी कोण, हे संपदाताईंनी विचारलं. वेळ संपली होती.

अरविंदचा फोन आला. आज नाही म्हटलं. पुढच्या रविवारी बघू.

म्हणजे बघू नाही. नाहीच.

नलिनी, वाचत असशीलच. आज दुपारची कोबीची भाजी छान झाली होती. ताटावर बसून तोंडाने सांगणार होतो, जमलं नाही.