खाट नंबर अकराचे नातेवाईक

मंगळवार, ता. १४

प्रिय धाकट्या,

तुझ्या बायकोला आशीर्वाद, छोटीला गोड पापा. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या धर्मादाय रुग्णालयात तपासणीचे साहेब आले होते. निराधार रुग्णांच्या खाटांसाठी सरकार अनुदान देतं. यंदा नवा नियम निघालाय: ‘या रुग्णाला कोणीही नातेवाईक नाही’ असं मुख्य परिचारिकेनं, म्हणजे मी, खाटेगणिक सही करून द्यायचं. दहा सह्या फटाफट ठोकल्या. अकराव्या कागदावर हात थांबला.

"सिस्टर, शाई संपली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, हिंमत जमवतेय," मी म्हटलं.

अकरा नंबरला एक म्हातारे गृहस्थ आहेत. दोन वर्षांपूर्वी पोलिसांनी रस्त्यावरून उचलून आणलं. डावं अंग लुळं पडलंय, पण ऐट कायम. चादरीला सुरकुती खपत नाही. सुतार होते, अंगठ्याचं नख पटाशी लागून दुभंगलेलं आहे. आईनं त्या नखाबद्दल तुला सांगितलं असेल. किती आढेवेढे घेतेय बघ मी.

धाकट्या, ते बाबा आहेत.

आपल्याला टाकून गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी अकराची. दाखल करताना मी विचारलं, "घरचं कोण?" माझ्याकडे बघत म्हणाले, "कोणी नाही." मीही मुकाट्यानं तेच लिहिलं. राग होता रे, फार राग होता. दोन वर्षं त्यांची दाढी करतेय, पण बाबा म्हणून हाक मारली नाही. ते मला सिस्टर म्हणतात. ओळखलंय मला. दाढी करताना डोळे मिटून घेतात.

तर मी सही केली नाही. त्याच कागदावर खाली असलेल्या नातेवाईकांच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पुढे ‘मुलगी’. आमचे सचिव डोक्याला हात लावून बसले. "अहो बाई, एका सहीनं काय बिघडलं असतं? आता या खाटेचं दोन वर्षांचं अनुदान परत मागतील!" माझ्या पगारातून कापा, असं मी लेखी दिलंय. नोकरी राहते की जाते, ते महिनाअखेर कळेल. या एका खाटेपायी बाकीच्या खाटांचं अनुदान मात्र अडू देणार नाही, मग कचेरीचे कितीही उंबरठे झिजवावे लागोत.

दुसऱ्या दिवशी वस्तरा हातात घेऊन म्हटलं, "बाबा, मान सरळ ठेवा." त्यांनी ठेवली.

तू ये, त्यांना माफ कर, असं मी म्हणत नाही. मीही अजून केलेलं नाही. पण त्या कागदावर नातेवाईकांसाठी दोन ओळी आहेत आणि कागद पुढच्या सोमवारी कचेरीत जाणार आहे. दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहू की रेघ मारू, एवढंच कळव. तू काहीही कळवलंस तरी पहिली ओळ मी खोडणार नाही.

तुझी ताई,
खाट नंबर अकराची मुलगी